कुनाचा रं तू?



२० नोव्हेंबर २०२४. विधानसभेचं मतदान. माझं नाव पुण्याच्या यादीत. सकाळी सातला बोटाला शाई लावून घेतली आणि दौंडची लोकल धरून यवतला उतरलो. यवत माझ्या आज्याचं गाव. आजा गेला, घर पडलं, पण आज्याचा चुलतभाऊ अजून आहे. ऐंशीच्या पुढचा. गुडघे गेलेत. आबांना हाताला धरून मतदानाला न्यायचं, एवढ्यासाठी गेलो होतो.

केंद्राच्या अलीकडं टेबलं मांडलेली. चिठ्ठ्या वाटणारी पोरं. एका टेबलावर माझ्याच वयाचा एक जण बसला होता. आबांची चिठ्ठी काढून दिली आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "आन तू? तू कुनाचा रं?"

मी म्हणालो, "कुणाचाच नाही."

"कुनाचाच न्हाई म्हंजे? बेवारशी हाय का?"

सगळं टेबल हसलं. आबाही हसले. त्यांचं हसणं मला जास्त लागलं.

परत येताना मी विचारलं, "आबा, तुम्ही कुणाचे?"

"म्या? म्या हत्तीचा."

"मग आज हत्ती दाबला?"

आबा थांबले. म्हणाले, "वस्तीनं ठरीवलं त्ये दाबलं. नळाचं काम त्येनीच करून दिलंय न्हवं."

हत्ती म्हणजे आबांच्या तरुणपणचा हत्ती. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा, मग रिपब्लिकन पक्षाचा. आज मशीनवर दिसतो तो हत्ती बहुजन समाज पक्षाचा. आबांना हा फरक ठाऊक आहे. त्यांच्या काळजात हत्ती आहे आणि बोट नळावर आहे. मधल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत काळीज आणि बोट यांची गाठ कुणी तोडली, हा या संपादकीयाचा विषय. 'बेवारशी' म्हणून हसणाऱ्याला मी त्या दिवशी काही बोललो नाही. इथं बोलतो.

आपली मराठी ऐका. माणूस कुठल्या पक्षाला मानतो हे आपण कसं विचारतो? 'तुझा पक्ष कोणता?' असं पेपरात लिहितात. गावात विचारतात, 'कुणाचा?' उत्तरही त्याच चालीवर. काँग्रेसचा. शिवसेनेचा. साहेबांचा. दादांचा. ढोर कुणाचं, शेत कुणाचं, माणूस कुणाचा. एकच 'चा'.

दौंड तालुक्यात हा 'चा' पक्षाला तरी कुठं लागतो? तो लागतो माणसाला. २००९ साली रमेश थोरात अपक्ष निवडून आले. २०१४ साली राहुल कुल राष्ट्रीय समाज पक्षाकडून आमदार झाले. २०१९ आणि २०२४ साली तेच भाजपकडून आले. थोरात २०१९ ला राष्ट्रवादीचे उमेदवार, २०२४ ला राष्ट्रवादीच्या शरद पवारांच्या पक्षाचे. म्हणजे झेंडे बदलले, चिन्हं बदलली. पण तालुक्यातला माणूस काय म्हणत राहिला? 'मी कुलांचा', 'मी थोरातांचा'. नेता जाईल तिकडं त्याचा माणूस जातो, आणि जाताना आपण पक्ष बदलला असं त्याला वाटतही नाही. त्याच्या हिशेबी तो होता तिथंच आहे.

आणि २०१९ ला या तालुक्याचा निकाल किती मतांनी लागला? ७४६. लाख-लाख मतं घेणाऱ्या दोघांच्या मध्ये सातशे सेहेचाळीस. यवत, केडगाव, पाटस, वरवंड, खुद्द दौंडची रेल्वेवस्ती. एवढ्या वस्त्यांमधून आपली सातशे सेहेचाळीस माणसं सहज उभी राहतील. म्हणजे आमदार कोण, हे आपण ठरवू शकत होतो. ठरवलं का? आपण वाटले गेलो. अर्धे ह्याचे, अर्धे त्याचे. ज्याच्या हातात तराजूचा काटा, तो पारड्यात जाऊन बसला.

आता पुण्या-मुंबईतले शहाणे म्हणतील, खेड्यातली माणसं अडाणी, लाचार. थोबाड आवरा. हा 'चा' लाचारीतून आलेला नाही, गरजेतून आलेला आहे. घरकुलाच्या यादीत नाव कोण घालतो? उताऱ्यावर सही कोण आणून देतो? काही वर्षांपूर्वी माझ्या एका भावाला मारहाण झाली. जिल्ह्यातल्या एका ठाण्यात आम्ही अ‍ॅट्रॉसिटीची फिर्याद द्यायला बसलो होतो. तीन तास कुणी कागद पुढं ओढला नाही. शेवटी एक जण मला बाजूला घेऊन म्हणाला, "कुणाचा फोन येणार आहे का? येणार असेल तर लवकर यायला सांगा." १९८९ चा कायदा संसदेनं केला. तो चालू व्हायला फोन लागतो. ज्याला फोन करणारा कोणी नाही, तो खरंच बेवारशी. टेबलावरचं ते पोरगं खोटं बोलत नव्हतं.

पण हे ओळखीचं वाटत नाही का? आपल्या आज्या-पणज्यांना गाव काय म्हणायचं? 'गावचा महार.' तो गावचा होता, गाव त्याचं नव्हतं. वेशीवर जागायचं, सांगावा न्यायचा, मेलेलं ओढायचं, आणि बदल्यात बलुतं. पसाभर दाणे आणि तुकडाभर जमीन. त्याला वतन म्हणायचे, आणि आमचीच माणसं ते वतन मिरवायची. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं, तेव्हा त्यांना पहिल्यांदा आपल्याच माणसांना समजावावं लागलं की ही इज्जत नाही, हा दोर आहे. कनिष्ठ वतनं कायद्यानं गेली १९५८ साली. बाबासाहेब ते बघायला नव्हते.

मी म्हणतो, वतन गेलं कुठं? ते पक्षात आलं. पूर्वी गावचा, आता साहेबांचा. पूर्वी सांगावा न्यायचा, आता सभेला गाडी भरून न्यायची. पूर्वी बलुतं, आता नळ, गटार, समाजमंदिर. समाजमंदिर! आपल्याच कराच्या पैशाचं, आणि त्याच्यावर पाटी कुणाच्या नावाची? ज्याच्या निधीतून झालं त्याची. निधी त्याच्या बापाचा होता का?

दुसऱ्या देशांत माणसं पक्षाला कशी चिकटतात ते बघू. तिथं सगळं सोन्याचं आहे म्हणून नव्हे. आपला दोर कुठं बांधलाय ते लांबून बघितल्यावर जास्त दिसतं म्हणून.

अमेरिकेत सुमारे तीस राज्यांत मतदार नाव नोंदवतानाच सांगू शकतो, मी अमुक पक्षाचा. ही नोंद सरकारी यादीत राहते. वर्गणी नाही, शपथ नाही. पण त्या नोंदीवर त्याला एक हक्क मिळतो. पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवायच्या पहिल्या फेरीत तो मत देतो. ही त्यांची प्राथमिक निवडणूक. तिकीट नेत्याच्या बंगल्यावर वाटत नाहीत. पैसा तिथंही नाचतो, भरपूर नाचतो. पण 'मी या पक्षाचा' असं म्हणणाऱ्याच्या हातात निदान एक कागद असतो.

इंग्लंडात मजूर पक्षाचा सभासद वर्गणी भरतो, कार्ड घेतो. २०१५ साली त्या पक्षानं तीन पौंड भरणाऱ्या समर्थकालाही नेता निवडायला मत दिलं. जेरेमी कॉर्बिन नावाचा मागच्या बाकावरचा खासदार, ज्याला पक्षाच्या खासदारांतच फारसं कुणी धरत नव्हतं, तो नेता झाला. वरच्या लोकांना ते पचलं नाही, ही पुढची गोष्ट. पण खालच्यांनी वरच्यांना धक्का दिला तो कार्डाच्या जोरावर.

जर्मनीत तर १९६७ पासून पक्षांचा कायदाच आहे. पक्षाचा कारभार आतून लोकशाहीनं चालला पाहिजे, असं त्यांच्या राज्यघटनेतच लिहिलेलं. २०१३ आणि २०१८ साली तिथल्या सोशल डेमोक्रॅट पक्षानं, सरकारात जायचं की नाही, हे साऱ्या सभासदांना विचारलं. २०१८ ला सभासद होते साडेचार लाखांच्या वर. त्यांनी टपालानं मतं दिली, 'हो' म्हणाले, आणि मगच सरकार झालं. आता आपल्याकडं आठवा. रात्री एक युती, सकाळी दुसरी, दुपारी शपथविधी. कार्यकर्त्याला कधी कळतं? टीव्ही लावल्यावर.

पण तिकडं वतन नाही असं समजू नका. ऑस्ट्रियात दुसऱ्या महायुद्धानंतर कितीतरी वर्षं देश दोन रंगांत वाटलेला होता. लाल म्हणजे समाजवादी, काळे म्हणजे ख्रिस्ती पुराणमतवादी. सरकारी नोकरी, घर, बढती. सगळ्याला पक्षाचं पुस्तक लागायचं. रस्त्यात मोटार बंद पडली तर मदतीला येणाऱ्या संघटनासुद्धा दोन, एक लालांच्या जवळची, एक काळ्यांच्या. म्हणजे आपल्या नळासारखंच.

उत्तर आयर्लंडात १९९८ च्या करारानंतर विधानसभेत निवडून आलेल्यानं वहीत लिहून द्यायचं असतं : तू युनियनवादी, राष्ट्रवादी, की 'इतर'? महत्त्वाच्या ठरावाला दोन्ही बाजूंचा वेगवेगळा पाठिंबा लागतो. 'इतर'वाल्याचं मत एकूण बेरजेत धरतात, पण त्या दोन बाजूंच्या मोजणीत त्याला जागा नाही. वाचलं आणि मला टेबलावरचं पोरगं आठवलं. बेवारशी हाय का?

आणखी एक. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे लोक १९५० च्या दशकापासून मतदारांना विचारत आलेत की तुम्ही स्वतःला कुठल्या पक्षाचे समजता. त्यांना सापडलं ते असं : बहुतेकांना पक्ष घरातून मिळतो. धर्मासारखा. बाप ज्याचा, पोरगा त्याचा. आधी माणूस पक्षाचा होतो आणि मग त्या चष्म्यातून देशाचे प्रश्न बघतो. तेव्हा 'आमच्याकडंच भावना, तिकडं सगळा विचार' हा न्यूनगंड सोडा. पक्ष रक्तात घेऊन माणसं तिकडंही फिरतात. फरक पडतो तो तिसऱ्या ठिकाणी. त्या 'मी अमुकचा'ला उमेदवार ठरवायचा, नेता बदलायचा, हिशेब मागायचा हात आहे का? जिथं हात आहे तिथं तो सभासद. जिथं नाही तिथं तो बलुतेदार.

आता आपल्या नावाची गोष्ट. पँथर हे नाव आपण कुठून घेतलं? ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षाकडून, १९६६ चा. एवढं सगळ्यांना पाठ आहे. पण ओकलंडवाल्यांनी ते कुठून घेतलं? अलाबामा राज्यातल्या लाऊंड्स नावाच्या काउंटीतून. काउंटी म्हणजे आपला तालुका समजा. शंभरात ऐंशी माणसं काळी, आणि १९६५ च्या सुरुवातीला मतदारयादीत एकही काळं नाव नाही! नाव नोंदवायला गेलेल्यांना मळेवाल्यांनी जमिनीवरून हाकललं. कुटुंबं तंबू ठोकून राहिली. काळ्यांनी स्वतःचा पक्ष काढला. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी तिथं पक्षाला चिन्ह लागायचं, आपल्यासारखंच. गोऱ्या डेमोक्रॅटांचं चिन्ह होतं कोंबडा, आणि वर घोषणा गोऱ्यांच्या वर्चस्वाची. काळ्यांनी चिन्ह घेतलं काळा पँथर.

ऐकलंत का? पँथर हे मुळात मतपत्रिकेवरचं चिन्ह. एका तालुक्याच्या, कुळांच्या आणि मजुरांच्या पक्षाचं.

त्यांनी काय केलं तेही ऐका. मे १९६६ मध्ये नऊशेच्या आसपास माणसं एका चर्चपाशी जमली आणि आपले उमेदवार त्यांनी मतं देऊन स्वतः निवडले. त्याआधी चित्रांच्या पुस्तिका छापून घरोघर दिल्या : शेरीफ म्हणजे कोण, त्याचं काम काय, करवसुली अधिकाऱ्याचं काम काय. म्हणजे तुमच्यातलाच कुणी त्या खुर्चीवर बसू शकतो, फार अवघड नाही, हे आधी सांगितलं. नोव्हेंबर १९६६ ला ते सगळे उमेदवार पडले. १९७० साली त्याच चळवळीतला जॉन ह्युलेट त्या काउंटीचा शेरीफ झाला. ज्या पदाच्या नुसत्या नावानं काळा माणूस कापायचा, त्या पदावर.

आणि अमेरिकेतला काळा मतदार त्याआधी कुणाचा होता? लिंकनचा. रिपब्लिकन पक्षाचा. गुलामी लिंकननं संपवली म्हणून पिढ्यान् पिढ्या. मग १९३६ ला मोठ्या संख्येनं रूझवेल्टकडं वळला, १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर जवळजवळ सगळाच डेमोक्रॅटांचा झाला. तेव्हापासून तिथले काळे विचारवंत एकच दुखणं मांडतात : एका पक्षाला वाटतं हे आपलेच आहेत, जातील कुठं? दुसऱ्याला वाटतं हे आपले नाहीतच, विचारायचं कशाला? गृहीत धरलेल्याला कुणी विचारत नाही. दौंडपासून डेट्रॉइटपर्यंत हा नियम एकच.

आता घरात येऊ. घरातलं बोलताना जीभ जड होते, पण बोलायचंच.

बाबासाहेबांनी पक्ष किती काढले? १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष. १९३७ च्या निवडणुकीत १७ जागा लढवून १४ आणल्या. खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिलवर नेला, १९३८ ला कामगारांच्या संपात कम्युनिस्टांच्या बरोबरीनं उतरला. मग १९४२ साली नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन. मग शेवटच्या दिवसांत रिपब्लिकन पक्षाची कल्पना, जो त्यांच्या पश्चात ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात उभा राहिला. वीस वर्षांत तीन पक्ष. का? काळ बदलला, काम बदललं, तसं हत्यार बदललं. बाबासाहेबांनी पक्षाला कधी देव्हाऱ्यात बसवलं नाही. आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनी बजावलं होतं की धर्मातली भक्ती माणसाला तारत असेल, पण राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडंच नेते. हे कुणाला बजावलं? आपल्यालाही.

आपण काय केलं? पक्ष स्थापून दोन-तीन वर्षं होतात न होतात तोच दुरुस्त आणि नादुरुस्त. तरीही १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह याच पक्षानं लढवले. दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर माणसं लेकराबाळांसकट तुरुंगात गेली. तेव्हा 'मी रिपब्लिकन' याचा अर्थ होता 'मी जमीन मागतोय'. ती ओळख मागणीची होती. मग १९६७ ला काँग्रेसशी समझोता झाला आणि ओळख वाटणीची झाली. जमिनीऐवजी जागा मागायला लागलो. तिथून गट सुरू झाले. खोब्रागडे गट, गवई गट, कांबळे गट, पुढं कवाडे, आठवले. पक्षाच्या नावापुढं कंस आला आणि कंसात माणूस आला.

१९७२ ला पँथर आली ती हे कंस फोडायला. जानेवारी १९७४ मध्ये मुंबईच्या पोटनिवडणुकीत रिपब्लिकन नेते काँग्रेसच्या मागं उभे होते. पँथरनं बहिष्काराची हाक दिली. वरळी पेटली. १० जानेवारीला भागवत जाधव गेला. काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्ट रोझा देशपांडे आल्या. 'आम्ही तुमचे नाही' हे नुसतं बोलून नव्हे, मत न देऊन सांगितलं, आणि दिल्लीपर्यंत ऐकू गेलं. बेवारशी म्हणवून घ्यायला त्या पोरांना लाज वाटली नाही. आणि त्याच वर्षी तीही फुटली. ढाले एकीकडं, ढसाळ एकीकडं. १९७७ ला बरखास्ती. पुढं पँथरलाही कंस लागले. हे लिहिताना मला आनंद होत नाही.

१९९८ ला सगळे एक झाले तर काय घडलं? अकोला, अमरावती, चिमूर, मुंबई उत्तर-मध्य. चारही खुल्या जागांवरून चार रिपब्लिकन खासदार. प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे, रामदास आठवले. काँग्रेसची साथ होती, खरं. पण वस्त्या-वस्त्यांमधून माणसं नाचली. माझा बाप नाचला. वर्षभरात पुढची निवडणूक आली तेव्हा ऐक्य उरलं नव्हतं. ते मोडताना बापाला कुणी विचारलं का? तुमच्या बापाला? कुठल्या वस्तीत बैठक झाली, कुठं हात वर करून घेतले? ऐक्य नेत्यांनी केलं, नेत्यांनी मोडलं. नाचायला तेवढे आपण.

आणि आता गंमत बघा. आपल्या गटांना जे आयुष्यभर हसले, त्यांच्याच घरात कंस शिरला. २०२२ ला शिवसेना फुटली, २०२३ ला राष्ट्रवादी. निवडणूक आयोगानं एकाला धनुष्यबाण दिला, एकाला घड्याळ, आणि उरलेल्यांना नावं दिली ती कंसातली : शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे), राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार). २०२४ च्या लोकसभेला यवत बारामती मतदारसंघात. एकाच घरातल्या दोघी समोरासमोर, आणि गावात प्रश्न काय? 'कुठली राष्ट्रवादी?' 'कोणता रिपब्लिकन?' विचारून आपली टिंगल करणाऱ्यांना आता दुसरा प्रश्न सुचत नव्हता. रोग आपला एकट्याचा नव्हता, दोस्तांनो. आपल्याला आधी लागला, कारण आपलं अंग आधीच अशक्त होतं. ज्या पक्षात सभासदाला हात नाही, तो पक्ष कुणाचा तरी होतोच. आणि जो कुणाचा तरी असतो, तो वाटणीत फुटतोच. १९८५ चा पक्षांतरबंदीचा कायदा आमदाराला पक्षाशी बांधतो, पण पक्षाला सभासदाशी बांधणारा जर्मनीसारखा कायदा या देशात नाही.

आता तुमच्या-माझ्याबद्दल. पुण्यातल्या, मुंबईतल्या पोरांबद्दल.

आपण म्हणतो, आपण कुणाचे नाही, आपण निळ्याचे. गाडीवर निळा, गळ्यात निळा, मोबाईलवर निळा. ही ओळख मोठी आहे. ती कुठल्याही नेत्यानं दिलेली नाही, म्हणूनच कुठल्याही नेत्याला ती काढून घेता आलेली नाही. पण निळा रंग आता कोण वापरत नाही? १४ एप्रिलला यवतपासून येरवड्यापर्यंत बघा, प्रत्येक पक्षाच्या फ्लेक्सवर बाबासाहेब आहेत, आणि फोटोखाली 'भावी नगरसेवक'. त्या फ्लेक्सवर खालच्या रांगेत तिकिटाएवढ्या फोटोत कोण? आपलीच पोरं. वर्षभर त्या तिकिटाएवढ्या फोटोवर राबतात. साला, हेच बलुतं. फक्त छापील.

रंग पक्ष होत नाही. रंगाला सभासद नसतात, रंग हिशेब देत नाही, रंग उमेदवार निवडत नाही. म्हणून निळ्याला कुणीही उचलतं. २०१९ च्या लोकसभेला वंचित बहुजन आघाडीला राज्यात सात टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि स्वतःची एकही जागा आली नाही. म्हणजे माणसं आहेत. चिडलेली आहेत. नव्या नावामागंही जायला तयार आहेत. मग अडतं कुठं? ते मत टाकून घरी जातात तिथं. पाच वर्षं त्यांना कुणी काही विचारत नाही.

म्हणून मी नवा पक्ष काढा म्हणत नाही. अमुक गटात या असंही म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की यापुढं ज्या कुणाला 'आमचा' म्हणायचं, त्याला आधी हे विचारा.

सभासदाची पावती आहे का? पाच रुपयांची असो, पण पावती. पैसा आपला असेल तरच तोंड आपलं राहील.

वर्षातून एकदा वस्तीत बसून जमाखर्च वाचून दाखवणार का? फ्लेक्सचा खर्च कुणी दिला, यासकट.

उमेदवार सभासदांच्या मतानं ठरणार का? लाऊंड्सच्या कुळांना नऊशे माणसं गोळा करून जमलं. आपल्याकडं मोबाईल आहेत.

युती करायची किंवा तोडायची तर आधी विचारणार का? जर्मनीत साडेचार लाखांना टपालानं विचारलं. एका तालुक्यात चार हजारांना विचारायला काय धाड भरते?

आणि पक्षाच्या नावापुढं कंस असणार का? असेल, तर तो पक्ष नाही. ते घर आहे. लोकांच्या घरात आपण पाहुणे म्हणून जावं, घरगडी म्हणून नाही.

उत्तर 'नाही' आलं तर मत द्या किंवा देऊ नका, पण 'चा' देऊ नका. नळ घ्या. नळ आपल्या हक्काचा, त्यासाठी इमान लिहून द्यायचं कारण नाही. आणि ठाण्यात कागद पुढं सरकवायला साहेबांचा फोन लागू नये म्हणून आपलीच दहा पोरं ठाण्याच्या दारात बसतील, अशी व्यवस्था करा. एका माणसाचा फोन नसला तर दहा माणसांचं बसणं पुरतं. माझ्या भावाची फिर्याद शेवटी तशीच लिहून घेतली गेली. फोन आला नाही. संध्याकाळी वस्तीतल्या बाया येऊन पायरीवर बसल्या. बाकी कुणाचा कुणी नव्हता.

त्या रात्री यवतला आबांच्या ओट्यावर झोपलो. आज्याची पत्र्याची पेटी अजून त्यांच्याकडं आहे. आबांनी ती उघडून एक घडी पडलेला कागद दाखवला. पक्षाच्या वर्गणीची पावती. शाई उडालेली, वर्ष वाचता येत नाही, आज्याचं नाव तेवढं कळतं. आबा म्हणाले, "ह्ये दावून तुझा आजा सभंत पुढाऱ्याला ताडकन प्रश्न इचारायचा. म्हनायचा, पैसं दिल्याती, बोल."

आज्याला सही येत नव्हती. पावतीवर अंगठा आहे. पण तो कुणाचा नव्हता. पक्ष त्याचा होता.

पुढच्या खेपेला त्या टेबलावरच्या पोराला मी हेच सांगणार आहे. तोही काही वैरी नाही. कदाचित त्याच्याही आज्याच्या पेटीत असा एखादा कागद असेल. तो विचारील, कुनाचा रं तू? मी म्हणेन, ते राहू दे. तू ज्याच्यासाठी इथं उन्हात बसलायस, त्याला तू कधी काही विचारू शकतोस का, ते सांग.

हा अंक एकट्यानं वाचू नका. वस्तीत चार जणांत वाचा, आणि आपापल्या घरातल्या पेट्या उघडून बघा. काय सापडलं ते लिहून पाठवा. पुढच्या अंकात छापू.

जय भीम.